‘वार खाली आहे’ म्हणजे काय? सोनोग्राफी नव्हती तेव्हा प्रसूतिशास्त्र शिकलेल्या डॉ. आनंदीबाई जोशींची गोष्ट

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी होते. बाळाचे ठोके, हातपाय, मेंदू, हृदय सगळं व्यवस्थित असल्याचं सांगितलं जातं. आणि मग रिपोर्टच्या शेवटी एक ओळ दिसते: लो लाइंग प्लासेंटा. डॉक्टर सांगतात, वार जरा खाली आहे, काळजी घ्या, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघू. दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत नवरा मोबाइलवर शोधायला लागलेला असतो. घरी पोचेपर्यंत सासूबाईंनी पलंगावरून उतरायचं नाही असं ठरवून टाकलेलं असतं.

ही ओळ वाचून धडकी भरते हे खरं. पण बाळंतपणाच्या चार महिने आधी ही गोष्ट कळणं हेच किती मोठं आहे, हे समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागेल. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात एका तरुण डॉक्टरचा मृत्यू झाला. वयाची बावीस वर्षं पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. अमेरिकेतून एमडीची पदवी घेऊन परतलेल्या या डॉक्टरचा प्रबंध प्रसूतिशास्त्रावर होता. नाव आनंदीबाई गोपाळराव जोशी.

बाळंतपणातल्या धोक्यांविषयी त्या काळी जे जे शिकता येत होतं, ते त्या शिकल्या. पण पोटातली वार कुठं आहे हे बाहेरून पाहायचं साधन तेव्हा जगात कुठंच नव्हतं.

आधी समजून घेऊ : वार खाली म्हणजे नेमकं कुठं?

वार म्हणजे प्लासेंटा. गर्भपिशवीच्या आतल्या भिंतीला चिकटलेला आणि नाळेनं बाळाला जोडलेला हा अवयव. बाळाला ऑक्सिजन आणि अन्न यातूनच मिळतं. बहुतेक वेळा वार पिशवीच्या वरच्या भागात, पुढच्या किंवा मागच्या भिंतीला असते. काही वेळा मात्र ती खालच्या भागात, पिशवीच्या तोंडाजवळ चिकटते.

वारेची कड पिशवीच्या आतल्या तोंडापासून २० मिलिमीटरच्या आत असेल, तर तिला लो लाइंग प्लासेंटा म्हणतात. वारेनं तोंडच झाकलं असेल तर तो प्लासेंटा प्रिव्हिया. दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरले जातात, पण त्यात फरक आहे. पहिल्या प्रकारात वाट अरुंद असते, दुसऱ्यात ती बंदच असते.

धोका कशाचा? बाळंतपण जवळ येतं तशी पिशवीची खालची बाजू ताणली जाते आणि तोंड उघडू लागतं. तिथं वार असेल तर ती भिंतीपासून सुटते आणि रक्तस्राव होतो. बहुतेकदा पोटात न दुखता, अचानक, लालभडक रक्त जातं. हे रक्त आईचं असतं आणि ते वेळेत थांबलं नाही तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं.

नऊ वर्षांची नवरी

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना, वडील गणपतराव जोशी. घराणं कल्याणचं, एके काळी जमीनजुमला असलेलं, पण नंतर परिस्थिती उतरलेलं. नवव्या वर्षी यमुनेचं लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला, बिजवर आणि वयानं सुमारे वीस वर्षांनी मोठा. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळराव त्या काळाच्या मानानं विचित्र माणूस होते. बायकांनी शिकलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट होता. आजूबाजूच्या घरांत बायकोनं पुस्तक हातात घेतलं म्हणून मार बसायचा. जोशींच्या घरात अभ्यास टाकून ती स्वयंपाकघरात रमली म्हणून मार बसायचा. हा मार किरकोळ नव्हता, हे आनंदीबाईंच्या पुढच्या पत्रांवरून कळतं. शिक्षणाचं दार उघडणारा आणि मारणारा हात एकच होता. त्यांच्या आयुष्याची गोष्ट सांगताना यातली एकच बाजू सांगून चालत नाही.

दहा दिवसांचं बाळ

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही म्हणून तो गेला, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. या घटनेनंतर त्यांच्या मनात डॉक्टर व्हायचं पक्कं झालं.

त्यांच्या या बाळंतपणाचा वारेशी संबंध जोडायचं कारण नाही. मुद्दा वेगळा आहे. त्या काळातल्या बाळंतिणीच्या खोलीत सुईण असायची, घरातल्या जाणत्या बायका असायच्या. डॉक्टर असलाच तर तो पुरुष, आणि पुरुष डॉक्टरपुढं अंग दाखवायला बाई तयार नसायची. घरचेही तयार नसायचे. त्यामुळं बाळ आडवं असो, कळा थांबलेल्या असोत किंवा रक्त जात असो, दवाखान्यापर्यंत गोष्ट जायचीच नाही. आनंदीबाईंना हे चौदाव्या वर्षी स्वतःच्या अंगावर कळलं.

दातांच्या दवाखान्यात सापडलेलं पत्र

गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, पुढं कलकत्ता. कोल्हापुरात त्यांची ओळख अमेरिकी मिशनऱ्यांशी झाली. रॉयल वाइल्डर हे कोल्हापुरात काम करून अमेरिकेत परतलेले मिशनरी. बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे आणि आपल्यालाही तिथं नोकरी हवी, असं पत्र गोपाळरावांनी त्यांना लिहिलं. मदतीसोबत धर्मांतराची अपेक्षा पुढं आली आणि ती जोशी पतिपत्नींनी मान्य केली नाही. गोष्ट तिथंच संपायची.

पण वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कारपेंटर दातांच्या डॉक्टरकडं नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. हाताला लागलेल्या त्या मासिकात त्यांनी हे पत्र वाचलं आणि हिंदुस्थानातल्या या अनोळखी मुलीला लिहायचं ठरवलं. त्यातून दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. डोकेदुखी, ताप, धाप लागणं अशा तक्रारी तेव्हापासूनच होत्या. कारपेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधंही पाठवली.

सेरामपूरचं भाषण

बाई एकटी समुद्र ओलांडणार ही बातमी पसरली तेव्हा जोशी कलकत्त्याजवळच्या सेरामपूरमध्ये होते. लोकांनी रस्त्यात थांबून बोलायला सुरुवात केली. हिंदूंना समुद्र ओलांडल्याचा राग होता, तर धर्म बदलल्याशिवाय जाण्यावरून ख्रिस्ती मंडळींतही नाराजी होती.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केलं. अठरा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. लोक विचारत होते तेच प्रश्न त्यांनी एकेक करून घेतले. अमेरिकेलाच का जायचं? इथं शिकता येत नाही का? एकटीनं का? परत आल्यावर जातीनं वाळीत टाकलं तर? संकट आलं तर? कुठल्याच बाईनं केलं नाही ते तुम्हीच का करायचं? त्यांच्या उत्तरांचा गाभा साधा होता. या देशाला बायकांच्या आजारांसाठी बायका डॉक्टर हव्यात आणि ती गरज भागवायला आपण जातो आहोत. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ.

७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्त्याहून जहाज पकडलं. सोबत नवरा नव्हता. जवळपास दोन महिन्यांचा प्रवास करून ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. धक्क्यावर कारपेंटरबाई घ्यायला आल्या होत्या.

फिलाडेल्फियातली तीन वर्षं

पेनसिल्व्हेनियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज १८५० मध्ये सुरू झालं होतं. बायकांना डॉक्टर करणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी ते एक. डीन होत्या रेचल बॉडली. आनंदीबाईंना तिथं प्रवेश मिळाला आणि शिष्यवृत्तीही.

त्यांनी लुगडं सोडलं नाही, मांसाहार घेतला नाही. फिलाडेल्फियाची थंडी आणि अपुरं जेवण यांनी आधीच नाजूक असलेली तब्येत खालावत गेली. तरी अभ्यास थांबला नाही. १० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात दिसतात : भारताच्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एमडी झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. राणी व्हिक्टोरियाकडून अभिनंदनाचा संदेश आला. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. जुन्या संस्कृत वैद्यकग्रंथांत गर्भार बाई, बाळंतपण आणि नवजात बाळ यांच्याविषयी जे सांगितलं आहे, ते त्यांनी अमेरिकेतल्या परीक्षकांपुढं मांडलं. हा प्रबंध आजही फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवलेला आहे.

१८८६ मध्ये वार खाली असती तर?

त्या वर्षी बाहेर पडलेल्या कुठल्याही चांगल्या डॉक्टरला प्लासेंटा प्रिव्हिया हा आजार माहीत होता. पण तो आहे हे कळायचं कसं? रक्त जायला लागल्यावर. सातव्या-आठव्या महिन्यात न दुखता रक्तस्राव झाला की शंका यायची आणि खात्री करायला डॉक्टर बोटांनी आतून तपासायचे. त्या तपासणीनंच वार आणखी सुटायची आणि रक्त वाढायचं. म्हणून आजही वार कुठं आहे हे पक्कं कळल्याशिवाय अशा बाईची आतून बोटांनी तपासणी करत नाहीत.

उपचार काय होता? लंडनचे डॉ. ब्रॅक्स्टन हिक्स यांनी १८६० च्या दशकात एक पद्धत सांगितली होती. एक हात पोटावर, दोन बोटं आत, अशा रीतीनं बाळ फिरवायचं आणि त्याचा पाय खाली ओढायचा. बाळाचं अंग वारेवर दाबून बसतं आणि रक्त थांबतं. आई वाचायची शक्यता वाढायची, पण बाळ बहुतेकदा जायचं. सिझेरियन तेव्हा शेवटचा आणि भयंकर धोक्याचा उपाय होता. रक्त देण्याचा भरवसा नव्हता, कारण रक्तगटांचा शोध १९०१ चा. क्ष-किरणंसुद्धा १८९५ ची.

थोडक्यात, पदवी हातात असलेल्या डॉक्टरलाही अशा वेळी अंदाजानं आणि घाईनं काम करावं लागायचं. आनंदीबाई या ज्ञानाच्या टोकापर्यंत पोचल्या होत्या. त्या टोकाच्या पुढं तेव्हा कुणालाच काही दिसत नव्हतं.

कोल्हापूरची नेमणूक, पुण्यातला शेवट

पदवीनंतर कोल्हापूर संस्थानानं त्यांना बोलावलं. तिथल्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये बायकांच्या वॉर्डच्या प्रमुख डॉक्टर म्हणून त्यांची नेमणूक झाली. ज्या कोल्हापुरातून अमेरिकेला पत्र गेलं होतं, तिथंच आता त्या डॉक्टर म्हणून जाणार होत्या.

पण क्षयानं शरीर पोखरलं होतं. गोपाळरावही दरम्यान अमेरिकेत पोचले होते. १८८६ च्या अखेरीस दोघं परतले. ज्या समाजानं नावं ठेवली होती, त्यानंच कौतुकानं स्वागत केलं. आनंदीबाईंना उपचारांसाठी पुण्यात आणण्यात आलं. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधला होता. पण त्यावरचं पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४० च्या दशकात आलं. कारण माहीत होतं, इलाज नव्हता.

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचं निधन झालं. कोल्हापूरच्या त्या वॉर्डात एकही बाळंतपण त्यांच्या हातून झालं नाही. त्यांच्या अस्थी कारपेंटरबाईंकडं अमेरिकेला पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथं कारपेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या. पुढच्याच वर्षी कॅरोलाइन डॉल यांनी इंग्रजीत त्यांचं चरित्र लिहिलं. मराठीत ते काम काशीबाई कानिटकरांनी केलं. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ कादंबरी आणि २०१९ चा चित्रपट यांतून पुढच्या पिढ्यांना त्या माहीत झाल्या.

मग बदललं काय?

तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, वाट बघायचं धाडस. १९४५ मध्ये बेलफास्टचे डॉ. चार्ल्स मॅकॅफी यांनी दाखवून दिलं की रक्तस्राव थांबला असेल तर लगेच बाळंतपण उरकायची गरज नाही. बाईला हॉस्पिटलमध्ये ठेवून, रक्ताची तयारी करून बाळ वाढू द्यावं. यामुळं अपुऱ्या दिवसांची बाळं वाचू लागली.

दुसरी, रक्तपेढी आणि सुरक्षित भूल. यामुळं सिझेरियन हा मरणाचा खेळ राहिला नाही.

तिसरी, सोनोग्राफी. १९५८ मध्ये ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड, त्यांचे सहकारी डॉ. जॉन मॅकव्हिकर आणि टॉम ब्राउन नावाचे इंजिनिअर यांनी ध्वनिलहरींनी पोटातलं चित्र मिळवल्याचं लॅन्सेट या नियतकालिकात मांडलं. पोलादात तडे शोधण्याचं तंत्र त्यांनी बाईच्या पोटासाठी वापरलं होतं. पुढच्या काही वर्षांत वारेची जागा रक्तस्रावाच्या आधीच दिसू लागली. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर ७१ वर्षांनी.

नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचा मृत्यू झाला. देशाचा आकडा ९७ होता. यात अतिरक्तस्राव हे आजही मोठं कारण आहे. म्हणजे धोका संपलेला नाही, पण तो आधी दिसतो.

आज रिपोर्टमध्ये ही ओळ आली तर?

– घाबरून जाऊ नका. पाचव्या महिन्यात वार खाली दिसलेल्या दर १० पैकी सुमारे ९ जणींची वार बाळंतपणापर्यंत तोंडापासून लांब गेलेली असते. फुग्यावर खालच्या बाजूला ठिपका काढा आणि फुगा फुगवा. ठिपका जागचा हलत नाही, पण तो आणि तोंड यांतलं अंतर वाढतं. पिशवीचंही साधारण असंच होतं.

– पुढची सोनोग्राफी चुकवू नका. साधारण ३२ व्या आठवड्यात पुन्हा बघतात. तेव्हाही वार खाली असेल तर ३६ व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा. योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी अंतर जास्त अचूक दाखवते आणि ती सुरक्षित असते.

– यात कुणाची चूक नसते. जिना चढला, दुचाकीवर बसली, पपई खाल्ली म्हणून वार खाली येत नाही. आधीचं सिझेरियन, जुळं, ३५ च्या पुढचं वय, धूम्रपान, आयव्हीएफ यांमुळं शक्यता वाढते.

– सक्तीची झोपून विश्रांती सगळ्यांना लागत नाही. रक्तस्राव नसेल तर रोजची हलकी कामं चालतात. शरीरसंबंध, प्रवास, व्यायाम याबाबत आपल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. संकोच नको.

– रक्त दिसलं तर थांबू नका. दुखत नसलं, थोडंच असलं, तरी लगेच हॉस्पिटल गाठा. १०८ ला फोन करा. फाइल आणि शेवटचा सोनोग्राफी रिपोर्ट सोबत घ्या. आतून तपासणी होण्याआधी वार खाली असल्याचं सांगा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही सांगा, कारण अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं.

– आधी सिझेरियन झालं असेल तर जास्त सावध राहा. वार जुन्या टाक्यांच्या जागी खोल रुतलेली असू शकते. अशा वेळी रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग असलेल्या हॉस्पिटलमध्येच बाळंतपण ठरवावं.

– प्रत्येक वेळी सिझेरियनच होतं असं नाही. शेवटच्या सोनोग्राफीत अंतर २० मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर नैसर्गिक बाळंतपणाचा प्रयत्न करता येतो. वारेनं तोंड झाकलेलंच असेल तर मात्र सिझेरियनला पर्याय नाही. इतर त्रास नसेल तर ते साधारण ३६ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान ठरवून करतात.

– माहेरी जायचं ठरवताना विचार करा. वार शेवटपर्यंत खाली राहिली असेल, तर सातव्यानंतर जिथं जाल तिथून मोठं हॉस्पिटल किती लांब आहे, हे आधी बघा. रक्त देऊ शकतील अशा दोघा-तिघांची नावं लिहून ठेवा.

आनंदीबाईंच्या काळात बाळंतिणीचा धोका कळायचा तो दारात उभा राहिल्यावर. आज तो चार महिने आधी एका ओळीत लिहून मिळतो. त्या चार महिन्यांत पुढची तारीख ठरवता येते, हॉस्पिटल निवडता येतं, रक्ताची सोय करता येते. सोनोग्राफीच्या कागदावरची ती ओळ घाबरवण्यासाठी नाही, तयारीसाठी असते. कागद फाइलमध्ये नीट लावा आणि पुढच्या तपासणीची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आजच टाका.